बहिष्कार आणि बाजारपेठ

द्वेष हा मनाचा विकार आहे आणि मन सुधारल्याशिवाय तो जाणार नाहीं, असें सांगणाऱ्यांची आमच्यांत कधींच वाण पडली नाहीं. कीर्तनकार तें सांगतात, शाळेंतील गुरुजी तें सांगतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत उमेदवारहि तें सांगून टाळ्या घेतात. या उपदेशाचें आम्हांस वावडें नाहीं. परंतु ज्या समाजांत शेंकडों वर्षें हा उपदेश चालू आहे, त्याच समाजांत तितकींच वर्षें माणसांस पाण्यावांचून व पंक्तीवांचून ठेवण्याची रीतहि अव्याहत चालू राहिली. तेव्हां केवळ मनाच्या गोष्टी बोलून भागणार नाहीं हें उघड आहे. द्वेषास हात लागतात, पाय लागतात, आणि मुख्य म्हणजे पोटापाण्याचा कांहीं तरी व्यवहार लागतो. तो व्यवहार कोणाच्या दुकानांतून, कोणाच्या आडावरून व कोणाच्या खातेवहीवरून होतो हें पाहिल्याखेरीज द्वेषाचें खरें बळ कळत नाहीं. आज आम्ही त्याच व्यवहाराविषयीं, म्हणजे वाळीत टाकण्याच्या रीतीविषयीं, चार शब्द लिहिणार आहों. आणि ते विशेषेंकरून आमच्या व्यापारी वाचकांस उद्देशून आहेत, कारण या यंत्राची किल्ली बहुतेक वेळां त्यांच्याच गल्ल्यांत असते.

वाळीत टाकणें, जातीबाहेर करणें, ग्रामण्य उपस्थित करणें, हुक्कापाणी बंद करणें: एका कृत्यास आमच्या भाषेंत इतके शब्द आहेत, यावरूनच तें आमच्या किती अंगवळणीं पडलें आहे हें दिसून येतें. आळंदीच्या चार भावंडांची कथा ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा. संन्यास सोडून गृहस्थाश्रमांत परत आलेल्या बापाचा दोष पोरांच्या माथीं मारून गांवानें त्या कुटुंबास वाळीत टाकलें, असें परंपरा सांगते. पुढें त्याच गांवांत त्या भावंडांपैकीं एकाची समाधि झाली व तिच्या दर्शनास लाखों लोक जाऊं लागले. परंतु ज्या रीतीनें त्यांस छळलें ती रीत कांहीं समाधिस्थ झाली नाहीं.

इंग्रजींत या कृत्यास नांव मिळालें तें पुष्कळ उशिरां, १८८० सालीं. आयर्लंडच्या मेयो परगण्यांत बॉयकॉट नांवाचा एक कप्तान एका जमीनदाराच्या वतीनें कारभार पाहत असे. कुळांच्या खंडाचा तंटा वाढला तेव्हां गांवकऱ्यांनीं त्याचें शेत कापावयाचें नाकारलें, दुकानदारांनीं त्यास माल देण्याचें नाकारलें, आणि अखेर बाहेरून आणलेल्या पन्नासएक मजुरांकडून पीक काढून घेण्यासाठीं सरकारास सुमारें हजार शिपाई व पोलीस उभे करावे लागले. त्या कप्तानाचें आडनांवच पुढें त्या कृत्याचें नांव झालें. आमच्याकडे १९०५ सालीं विलायती मालावरील बहिष्काराचें जें शस्त्र उपसलें गेलें त्याची कुळी हीच. परंतु येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. आयर्लंडांतील कूळ दुबळें होतें व जमीनदार बळकट होता; आमचा स्वदेशी गिऱ्हाईक दुबळा होता व राज्य बळकट होतें. दुबळ्यानें बळकटाशीं व्यवहार तोडला तर बळकटाची फार तर सोय जाते. बळकटानें दुबळ्याशीं व्यवहार तोडला तर दुबळ्याचें जेवण जातें. शब्द एक असला तरी हीं दोन कृत्यें एका मापानें मोजतां येणार नाहींत.

ही रीत केवळ अडाणी खेड्यांची, असें म्हणून शहरांतील सुशिक्षित मंडळी अंग काढून घेतात. त्यांनीं पुण्याकडे पाहावें. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या पाहुण्यांपुढें चहा व बिस्किटें ठेविलीं गेलीं. त्या पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते, आणि शहरांतील आणखी पुष्कळ नांवाजलेले गृहस्थ होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातीं धरला. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आणलीं आणि ग्रामण्य माजलें. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशी झाली, प्रायश्चित्तें ठरलीं. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें व त्याबद्दल सुधारक मंडळींचा बोल सोसला. ज्यांच्या विद्वत्तेपुढें मोठमोठे नमत व ज्यांच्या लेखणीस सरकार वचकत असे, अशा पुरुषांस एक पेला चहा इतका भोवावा, हें कशाच्या बळावर? ज्याच्यावर ग्रामण्य येई त्याच्या घरीं कार्य निघालें तर भिक्षुक मिळत नसे, आचारी मिळत नसे, सोयरे पंक्तीस बसत नसत, मुलामुलींचीं लग्नें अडून राहत. शास्त्रार्थ सभेंत होई. त्याची अंमलबजावणी स्वयंपाकघरांत होई. वर्तमानपत्राचा धंदा करणाऱ्या आम्हां मंडळींस या प्रकरणांत एक बोचणारी गोष्ट आहे, ती ही कीं या आगीस पहिलें सरपण छापखान्यांतूनच पुरविलें गेलें.

पुढें तीन वर्षांनीं, १८९३ सालीं, धोंडो केशव कर्वे यांनीं विधवेशीं विवाह केला. त्यांच्या मुरुड गांवच्या लोकांनीं सभा भरविली व बहिष्काराचे ठराव केले. कर्वे गांवीं आले असतां भावाच्या घरींहि त्यांस थारा मिळूं नये, अशी त्यांत तजवीज होती. सगळी मेख या भावाच्या कलमांत आहे. कर्व्यांचा मनापासून द्वेष करणारे लोक मुरुडांत किती असतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असले तरी काम भागतें. कारण बाकीच्यांस द्वेष करावयाचा नसतो, त्यांस फक्त स्वतः वाळीत पडावयाचें नसतें. जो बहिष्कार मोडील त्याच्यावरहि बहिष्कार, एवढें एकच पोटकलम जोडलें कीं गांवांतील प्रत्येक भला माणूस शेजाऱ्याच्या दारावरील पहारेकरी बनतो. भाऊ भावाचा द्वेष करीत नसतांहि दार लावून घेतो. त्याच कर्व्यांस १९५८ सालीं भारतरत्न ही पदवी मिळाली व आतां त्यांच्या नांवाचा सर्वांस अभिमान वाटतो. मधल्या काळांत त्या घरांतील माणसांनीं काय सोसलें त्याचा हिशेब मात्र कोणत्याहि गौरवग्रंथांत कोणी मांडीत नाहीं.

परंतु हे झाले वरच्या जातींतील बहिष्कार. त्यांस मुदत होती, आणि त्यांवर प्रायश्चित्ताचा उतारा होता. ज्यांच्यावरील बहिष्कार जन्माबरोबर सुरू होई व सरणावरहि संपत नसे, त्यांस प्रायश्चित्ताची सोयहि कोणत्या शास्त्रानें ठेविली नव्हती. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२४ सालीं काढलेल्या संस्थेचें नांव बहिष्कृत हितकारिणी सभा, आणि १९२७ सालीं काढलेल्या पत्राचें नांव बहिष्कृत भारत; हा शब्द त्यांनीं उगीच निवडला नव्हता.

महाड हें सावित्री नदीवरील जुनें व्यापारी गांव. घाटावरचा माल येथें उतरावा व येथून गलबतांनीं पुढें जावा, असा त्याचा पूर्वापार व्यवहार. मुंबईच्या कायदेकौन्सिलांत १९२३ सालच्या आगस्ट महिन्यांत सीताराम केशव बोले यांनीं आणलेला ठराव पास झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास मोकळे असावेत असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केलें. ठराव दप्तरांत राहिला. तळ्यावर इतर धर्माचे लोक जात, जनावरेंहि तेथें पाणी पीत. महार-चांभारांस मात्र तेथें ओंजळ भरण्याची छाती होत नव्हती. ठरावानें दिलेलें पाणी गांवाच्या डोळ्यांनीं अडविलेलें होतें.

१९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. खेड्यापाड्यांतून हजारों माणसें आलीं. त्यांच्या पिण्यासाठीं परिषदेच्या चालकांस चाळीस रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें. ज्या गांवीं भरलेलें तळें आहे, ज्या तळ्यावर नगरपालिकेचा खुलेपणाचा ठराव आहे, त्या गांवीं पाण्याचा खर्च चाळीस रुपये! आमच्या मतें महाडच्या सबंध इतिहासांत या आंकड्याइतका बोलका आंकडा दुसरा नाहीं, आणि तो एखाद्या जमाखर्चाच्या वहींत सहज दडून गेला असता. दुसऱ्या दिवशीं लोक रांगेनें तळ्यावर गेले व पाणी प्याले. थोड्याच वेळांत गांवांत आवई उठली कीं हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार. देवळाचा विषय परिषदेपुढें नव्हताच. परंतु आवईस पुरावा लागत नाहीं, तिला फक्त आधींचा संशय लागतो. मंडपांत जेवत असलेल्या व परतीच्या वाटेस लागलेल्या माणसांवर काठ्या पडल्या. कित्येकांनीं मुसलमानांच्या घरांत आश्रय घेतला. पुढें पंचगव्याचे १०८ घडे करून तळ्याची शुद्धि करण्यांत आली, आणि ४ आगस्ट १९२७ रोजीं नगरपालिकेनें आपला तीन वर्षांपूर्वींचा ठराव मागें घेतला.

त्याच सालच्या डिसेंबरांत दुसरी परिषद भरली. या वेळीं महाडच्या बाजारपेठेनें कसें वर्तन केलें हें आमच्या वाचकांनीं लक्षपूर्वक पाहावें. परिषदेस मंडप घालण्यापुरती जागा मिळूं नये असा प्रयत्न झाला. ती अखेर फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनीं दिली. व्यापाऱ्यांनीं अस्पृश्यांशीं व्यवहार करूं नये असें ठरलें, आणि धान्य व इतर सामान परिषदेच्या चालकांस बाहेरगांवाहून आणावें लागलें. दिवाणी कोर्टाचा मनाईहुकूम आल्यामुळें तळ्यावरील सत्याग्रह तहकूब झाला. २५ डिसेंबरच्या रात्रीं मनुस्मृतीचें दहन झालें, व त्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्मानें ब्राह्मण होते. ही गोष्ट जे सर्व ब्राह्मणांस एका दोरींत बांधतात त्यांनीं, आणि जे सर्व सुधारणेस परकी ठरवितात त्यांनींहि, विसरूं नये. तळ्यावरील दावा महाडच्या कोर्टांतून ठाण्यास, ठाण्याहून मुंबईस गेला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें निकाल दिला कीं अस्पृश्यांस वगळण्याची वहिवाट अनादिकालापासूनची आहे असें वादी सिद्ध करूं शकले नाहींत. नऊ वर्षांवर काळ लोटला होता. ज्या परंपरेच्या नांवानें डोकीं फुटलीं तिचा दाखला मागतांच तो कोणाच्याहि पेटींतून निघाला नाहीं.

हा दावा चालू असतांनाच मुंबई सरकारनें दलित वर्ग व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठीं १९२८ सालीं स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिटी नेमली. डॉ. आंबेडकर तिचे सभासद होते. १९३० सालीं निघालेल्या तिच्या अहवालांत बहिष्कारावर जीं पानें आहेत तीं प्रत्येक पेढीवर ठेवण्याजोगीं आहेत. दलितांस दडपण्यासाठीं याहून परिणामकारक हत्यार कमिटीस ठाऊक नव्हतें. उघड मारहाण त्यापुढें फिकी पडते, आणि कोणाशीं व्यवहार करावा हें ज्याच्या त्याच्या मर्जीवर, या तत्त्वाआड लपून तें कायदेशीरहि दिसतें, असा तिचा अभिप्राय होता. बहिष्कार कशावरून पडत? कोणी सार्वजनिक विहिरीवर पाणी भरलें म्हणून. तेवढ्यावरूनच नव्हे, कोणी जमिनीचा तुकडा विकत घेतला, चांगले कपडे किंवा दागिने अंगावर घातले, नवरदेवास घोड्यावर बसवून रस्त्यानें वरात नेली म्हणूनहि. आणि तो कसा अमलांत येई? नेहमींच्या वापराच्या वाटा बंद करून, शेतावरचें काम काढून घेऊन, आणि गांवच्या वाण्याकडून जीवनाच्या जिनसा मिळणें थांबवून. अहवालांतील हा वाणी आम्हांस या प्रकरणांतील सर्वांत विचार करण्याजोगा माणूस वाटतो.

कारण हा वाणी बहुधा गांवचा पुढारी नसतो. पुष्कळदां तो परमुलखांतून आलेला असतो. गांवच्या मानपानांत त्याचें स्थान नसतें, आणि विहिरीच्या तंट्यांत त्याचें कांहीं जात-येत नाहीं. शेर-दोन शेर ज्वारी, मीठ, मिरची, घासलेट घेऊन जाणारा महारवाड्यांतील मनुष्य हा त्याचा नियमित गिऱ्हाईक. तरीहि पाटलाचा निरोप आला कीं त्याचा तराजू खालीं ठेविला जातो. त्यास विचारावें तर तो सांगेल, माझें वैर कोणाशीं नाहीं, पण पांढरीच्या विरुद्ध जाऊन मी दुकान कसें चालवूं? त्याचें म्हणणें खोटें नाहीं. गांवांतील बड्या घरांनीं खरेदी थांबविली, त्यांच्याकडील उधारी बुडाली, तर तो महिन्याभरांत गाशा गुंडाळील. मुरुडच्या भावास जें भय तेंच या वाण्यास. एकदां का तो तराजू खालीं गेला, कीं मग मारहाणीची गरज उरत नाहीं. मजूर वर्ग पावसाळा उधारीवर काढी व सुगीस फेडी. ती उधारी बंद होणें म्हणजे श्रावणांतच चूल विझणें. सात-आठ दिवसांत विहिरीवर गेलेला मनुष्य पाटलाच्या वाड्यावर येऊन नाक घाशी, आणि सरकारी दप्तरांत त्या गांवीं शांतता असल्याची नोंद होई.

माल माझा, मर्जी माझी, असा एक युक्तिवाद व्यापारी मंडळींकडून नेहमी ऐकूं येतो. तो आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. दराच्या, उधारीच्या व दर्जाच्या बाबतींत तो खराहि आहे. परंतु बहिष्काराच्या वेळीं मर्जी चालते ती व्यापाऱ्याची नसते. त्यास विकावयाचें असतें, गिऱ्हाइकास घ्यावयाचें असतें, दाम रोख असतो. तिसराच कोणी मध्यें येऊन हात धरतो. हें व्यापाराचें स्वातंत्र्य नव्हे, व्यापाऱ्याची वेठ आहे. आणि १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट व रस्ते हे शब्द जवळ जवळ बसविलेले आहेत. धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान एवढ्यावरून तेथें कोणास अडवूं नये असें तें कलम सांगतें. दुकान व तलाव एका पंक्तीस कां बसले याचें उत्तर महाडच्या डिसेंबरांत सांपडेल.

याच हत्याराची उलट बाजू कोल्हापुरास पाहावयास मिळाली. गंगाराम कांबळे या अस्पृश्य सेवकास पाण्यास स्पर्श केल्यावरून मारहाण झाली, तेव्हां शाहूमहाराजांनीं त्यास चहाचें दुकान काढून दिलें. दुकान निघालें, पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः तेथें गाडी थांबवून चहा मागवूं लागले, आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांच्या हातींहि पेला येऊं लागला. महाराजांनीं घेतलेला पेला नाकारण्याची सोय कोणासच नव्हती! पुण्यास चहाच्या पेल्यानें माणसें जातीबाहेर गेलीं, कोल्हापुरास त्याच पेल्यानें एक माणूस बाजारांत आला. अर्थात् प्रत्येक गांवास शाहूमहाराज मिळत नाहींत, आणि मिळाले तरी ते रोज चहास येणार नाहींत. म्हणून आम्ही हा दाखला उपाय म्हणून देत नाहीं. एका वजनदार गिऱ्हाइकानें पाऊल टाकलें असतां भय किती लवकर सुटतें, एवढेंच त्यावरून दिसतें.

बाजारांतील बहिष्कार कोठवर जातो हें पाहणें असल्यास जर्मनीचा १ एप्रिल १९३३ चा दिवस पाहावा. त्या दिवशीं नाझी पक्षाचे गणवेशधारी लोक यहुदी दुकानांपुढें उभे राहिले व तेथें खरेदी करूं नका असे फलक त्यांनीं धरले. बहिष्कार एकाच दिवसाचा होता आणि पुष्कळ गिऱ्हाइकें त्यांस न जुमानतां आंत गेलीं, म्हणून कित्येकांस तो फसल्यासारखा वाटला. परंतु त्यानंतर एका आठवड्याच्या आंत यहुद्यांस सरकारी नोकरींतून काढण्याचा कायदा झाला, १९३५ सालीं त्यांचें नागरिकत्व गेलें, आणि १९३८ च्या नोव्हेंबरांत त्यांचीं दुकानें फोडून प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं. पुढचा संहार जगास ठाऊक आहे. दुकानापुढें पहारा उभा राहिला त्या दिवशीं शेजारच्या दुकानदारांस वाटलें असेल कीं चला, आपली विक्री थोडी वाढली.

आमच्याकडे आज काय स्थिति आहे? अस्पृश्यता कायद्यानें गेली. १९५५ च्या कायद्यानें ती पाळणें गुन्हा ठरलें. अनुसूचित जाति-जमातींवरील अत्याचारांच्या कायद्यांत पुढें सामाजिक व आर्थिक बहिष्काराचा स्पष्ट उल्लेख आला. परंतु जातीच्या व गांवकीच्या आंतील बहिष्कार फार काळ मोकळाच राहिला. मुंबई राज्यानें १९४९ सालीं जातिबहिष्कृत करण्यास बंदी करणारा एक कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनीं त्यास आव्हान दिलें व १९६२ सालीं सुप्रीम कोर्टानें बहुमतानें तो घटनाबाह्य ठरविला. मुख्य न्यायाधीश सिन्हा यांचें मत मात्र कायद्याच्या बाजूनें पडलें होतें. तो प्रश्न अजून पुरता मिटलेला नाहीं असें कोर्टासहि वाटलें, आणि २०२३ सालीं पांच न्यायाधीशांनीं तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोंपविला.

मधल्या काळांत जातपंचायती आपलें काम करीत होत्या. २०१३ सालीं नाशकास एका बापानें जातिबाहेर लग्न केलेल्या आपल्या गर्भवती मुलीचा जीव घेतला व त्यामागें जातपंचायतीचा दबाव असल्याचें उघडकीस आलें. अंधश्रद्धा निर्मूलन समितीनें पंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच सालच्या २० आगस्ट रोजीं तिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यांत खून झाला. परंतु मोहीम थांबली नाहीं. रायगड जिल्ह्यांत, म्हणजे ज्या जिल्ह्यांत महाड आहे त्याच जिल्ह्यांत, गांवकीनें कुटुंबांस वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक बाहेर आल्या. अखेर १३ एप्रिल २०१६ रोजीं विधिमंडळानें सामाजिक बहिष्कारास बंदी करणारें विधेयक एकमतानें मंजूर केलें, व राष्ट्रपतींची संमति मिळून २०१७ च्या जुलै महिन्यांत तो कायदा अमलांत आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यांत शिक्षा आहे. असा कायदा करणारें महाराष्ट्र हें पहिलें राज्य, याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाहीं. पहिल्यानें कायदा करण्याची गरज कां पडली, हेंहि त्याबरोबर आठवावें.

या कायद्याची अडचण काठिण्यांत नाहीं, पुराव्यांत आहे. पूर्वीं ठराव लिहून काढीत, आतां कोणी लिहीत नाहीं. सभा देवळाच्या पारावर होते, निरोप तोंडीं जातो. दुसऱ्या दिवशीं गिरणीवर दळण घेत नाहींत, डेअरीवर दूध घेत नाहींत, न्हावी खुर्ची रिकामी असतांहि वेळ नाहीं म्हणतो, घरांत मयत झालें तर खांदा द्यावयास माणूस मिळत नाहीं. साक्ष कोण देणार? ज्यास ठाऊक आहे त्यास त्याच गांवांत राहावयाचें असतें. पोलीस पाटील तोच, पंच तोच, आणि त्याचाच भाऊ गिरणीवाला. शहरांत तर शब्दहि बदलले आहेत. भाड्यानें घर मागणाऱ्यास आधीं आडनांव विचारतात, मग खाणेंपिणें विचारतात, आणि शेवटीं जागा कालच गेली असें सांगतात. यास कोणी वाळीत टाकणें म्हणत नाहीं. सोसायटीचे नियम म्हणतात.

आणि आतां धर्माच्या नांवानें बाजार वाटून घेण्याची हौस वाढत चालली आहे. २०२५ च्या फेब्रुवारींत अहिल्यानगर जिल्ह्यांतील मढी येथें कानिफनाथांच्या यात्रेंत मुसलमान व्यापाऱ्यांस दुकानें मांडूं देऊं नयेत असा ठराव ग्रामसभेंत झाला. वास्तविक यात्रेइतकी सर्वांची बाजारपेठ दुसरी नाहीं. पाळणेवाला एका जातीचा, बांगड्या विकणारा दुसऱ्या धर्माचा, रेवड्यांवाला तिसऱ्या गांवचा. त्यांनीं वर्षभराची उधारी या पांच दिवसांत फेडावयाची असते. ज्याचें पाल उठवलें त्याचें तें वर्ष बुडालें. ज्याचें राहिलें तो पुढल्या वर्षीं सुरक्षित आहे काय? आज धर्म पाहिला, उद्यां जिल्हा पाहतील, परवां भाषा पाहतील. मराठी माणूस इंदूर, बडोदें, बेळगांव, सुरत येथें पिढ्यान्पिढ्या दुकानें मांडून बसला आहे. परका म्हणून पाल उठविण्याची चाल रूढ झाली तर तिचा फटका त्यास बसणार नाहीं असें कोण म्हणेल?

गिऱ्हाईक कमी करून कोणताहि बाजार मोठा झालेला आम्हीं ऐकिला नाहीं. वाळीत पडलेला मनुष्य मुकाट्यानें तालुक्याच्या गांवीं जाऊं लागतो, तेथेंच त्याचें खातें सुरू होतें, त्याचीं मुलें शिकून तेथेंच नोकरीस लागतात, आणि दहा वर्षांनीं तंटा मिटला तरी तो गिऱ्हाईक परत येत नाहीं. महाडच्या पेढ्यांनीं १९२७ च्या डिसेंबरांत हजारों माणसांची खरेदी बाहेरगांवीं घालविली. त्या दिवसांची त्यांची विक्रीची वही कोणास मिळाली तर ती पाहण्यास आम्हांस आवडेल.

भयाची सांखळी एकट्या दुकानदारास तोडतां येत नाहीं हें आम्हांस मान्य आहे. एकानें विकलें तर तो वाळीत पडतो. पेठेंतील सर्वांनीं विकलें तर वाळीत टाकणारांसच मीठमिरची आणण्यास दुसऱ्या गांवीं जावें लागेल. म्हणून हें काम व्यापारी संघांचें आहे. दरांसाठीं, जकातीसाठीं, वस्तु-सेवा करासाठीं जे संघ चोवीस तासांत बाजार बंद करूं शकतात, त्यांनीं बाजार उघडा ठेवण्यासाठीं एक बैठक बोलवावी. आपल्या पेठेंत जात, धर्म किंवा गांवकीचा निरोप यांवरून कोणासहि माल नाकारला जाणार नाहीं, असा लेखी ठराव करावा. तो दुकानांत दरपत्रकाशेजारीं लावावा. आणि तसा निरोप कोणी घेऊन आलाच तर सभासदानें तो एकट्यानें झेलूं नये, संघाच्या सहीनें तहसीलदारांकडे व ठाण्यावर कळवावा. २०१६ च्या कायद्यास जो साक्षीदार मिळत नाहीं तो यांतून मिळेल, आणि दुकानदारासहि सांगतां येईल कीं हें माझ्या एकट्याच्या हातीं नाहीं. पाटलास उत्तर देण्यास त्यास इतकेंच वाक्य हवें असतें. चैत्रापासून यात्रांचा हंगाम लागतो; त्याआधीं अशी बैठक घेण्यास वेळ पुरेसा आहे. ज्या पेठेंत असा ठराव होईल त्या पेठेचें नांव व ठरावाचा मजकूर आम्हांकडे पाठवावा. तो आम्ही याच पानावर, जाहिरातीचा दर न घेतां, छापूं.